टॉवेलात गुंडाळलेला पुरावा

सयाजी आप्पांना ऐकू कमी येतं, ही गोष्ट शुक्रवार पेठेत आप्पा सोडून सगळ्यांना ठाऊक होती. आप्पांच्या मते बिघाड दुसरीकडंच होता. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, टीव्हीवाले आवाज कमी ठेवतात, मोबाइलची घंटी मुद्दाम नाजूक बनवतात, आणि गाड्यांच्या हॉर्नमध्ये तर पूर्वीचा दम राहिलेलाच नाही. उभी उमर त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढली. माग बिघडला की पाना घेऊन धावणारा तो जॉबर. आजूबाजूला मागांचा असा खडखडाट की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. अशा माणसाच्या कानांचं काय होणार, हे कुणीही सांगेल. आप्पांचं उत्तर मात्र तयार असायचं. "एवढा दणका सोसून जे कान टिकले, ते आता कशाला जात्यात?" ह्या युक्तिवादावर ते स्वतः इतके खूश असायचे की पुढं समोरचा काय म्हणाला ह्याची त्यांना फिकीरच नसायची.

मूळचे ते जेऊरकडचे, उजनीच्या पाण्याकाठच्या गावातले. तरुणपणी सोलापूरला आले, कारखान्यात चिकटले, आणि लग्नानंतर बजाबाईही तिथंच टॉवेलांच्या कडा शिवायला लागल्या. आता दोघं निवृत्त. मुलगा उदयसिंह विम्याच्या ऑफिसात, सून अंकिता शाळेत. घरात आप्पांच्या हक्काचं म्हणावं असं एकच उरलं होतं, त्यांची जुनी मोटारसायकल. सकाळी मार्केट यार्डातनं भाजी आणायची, अशोक चौकात कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांबरोबर चहा घ्यायचा, बजाबाईंना मागं बसवून लग्नाकार्याला जायचं. गाडीवर बसले की ते स्वतःला अजून जॉबर वाटायचे. उतरले की नुसते सासरे.

आणि त्या गाडीवरच संकट आलं. बाळीवेशीत एक टेम्पो त्यांच्या मागं लागला. ह्या चौकापासून त्या चौकापर्यंत बिचारा हॉर्न वाजवत राहिला आणि आप्पा रस्त्याच्या मधोमध, नवरदेवाच्या डौलात. शेवटी टेम्पोवाल्यानं कशीबशी बाजू काढली, जवळ येऊन खिडकीतनं डोकं काढलं आणि आप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आप्पांना वाटलं, कुणी ओळखीचा दिसतोय. त्यांनी हसून हात वर केला. पानवाल्या शिवप्पानं हे सगळं पाहिलं आणि संध्याकाळी उदयसिंहाला तिखटमीठ न लावता सांगितलं. लावायची गरजच नव्हती.

उदयसिंहाचं ऑफिसातलं काम अपघातांचे दावे तपासायचं. मोडक्या गाड्यांचे फोटो दिवसभर बघणाऱ्या माणसाची बापाच्या काळजीनं झोप उडणार नाही तर काय. त्यानं आल्या आल्या हात पुढं केला.

"आप्पा, गाडीची किल्ली द्या."

"का? तुज्या गाडीला काय झालं?"

"माझ्या गाडीला काही नाही झालं. तुम्हाला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. कधीपासून म्हणतोय, कानाच्या डॉक्टरकडं चला. मशीन लावू."

मशीन हा शब्द आप्पांना स्वच्छ ऐकू आला. नको ते शब्द त्यांना बरोबर ऐकू यायचे. कानात मशीन घातलं की माणूस म्हातारा दिसतो, असं त्यांचं ठाम मत. डोक्यावर केस उरले नव्हते, दात मोजके, गुडघे उठताना कुरकुरायचे, तरी म्हातारपण येणार ते कानाच्याच दारानं, अशी त्यांची समजूत होती, आणि त्या दाराला ते पाठ लावून बसले होते.

"मला समदं ऐकू येतंय. त्या टेम्पोचा हॉर्नच मेल्याला हुता."

"पुरावा काय?" उदयसिंह म्हणाला. ऑफिसातली सवय.

"तूच दे की पुरावा, मला ऐकू येत न्हाय म्हून."

झालं, तिथंच करार ठरला. उदयसिंहाच्या मित्राकडं गाडीवर लावायचा छोटा कॅमेरा होता, काडेपेटीहून जरासा मोठा. तो लावून आप्पांनी हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचं. मागून हॉर्न वाजला आणि आप्पा बाजूला झाले नाहीत, तर किल्ली उदयसिंहाची. प्रत्येक हॉर्नला झाले, तर कानांचा विषय घरात पुन्हा कुणी काढायचा नाही. उदयसिंहानं एकच अट घातली. "आवाज स्वच्छ पाहिजे. नुसतं चित्र चालणार नाही. आमच्याकडं असले मुके व्हिडिओ लई येतात, आणि दोन्हीकडचे म्हणतात आम्ही हॉर्न दिला होता."

पहिल्या खेपेला आप्पांनी कॅमेरा हेल्मेटवर लावला. गल्लीतल्या गल्लीत चक्कर मारून आले आणि सगळे टीव्हीसमोर बसले. पडद्यावर विजेच्या तारा आल्या, मग आभाळ, मग वाढदिवसाच्या फलकांवरच्या पुढाऱ्यांचे फक्त भांग. आप्पा गाडी चालवताना हनुवटी वर करून बसतात, हे घरच्यांना ठाऊक होतं. आप्पांना त्या दिवशी कळलं. आणि आवाज म्हणाल तर नुसता वारा, घोंघों, घोंघों.

खरं तर इथंच गप्प बसायचं. आवाज नाही म्हणजे पुरावा नाही, आणि किल्ली खिशात. अडाणी माणसालाही एवढं कळलं असतं. पण उदयसिंह टीव्ही बंद करता करता म्हणाला, "जाऊ द्या आप्पा, हे तुमच्याच्यानं नाही व्हायचं." एवढं बोलणं पुरलं. ज्यानं अख्ख्या कारखान्याचे माग सरळ केले, त्याला बोटाएवढा माईक सरळ होत नाही म्हणजे काय? स्वतःचं नाक कापलं जाईल अशा कामाला आप्पा कंबर कसून लागले.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा हँडलवर आला. आता रस्ता दिसायला लागला, पण सगळं सोलापूर हिवताप भरल्यासारखं थरथरत होतं. शिवाय मडगार्डची खळखळ, साखळीची करकर, टूलबॉक्समधल्या पान्याची टणटण. आपल्या गाडीतनं असले आवाज निघतात हे आप्पांना नवीनच होतं. "ह्यो कॅमेराच आवाज पैदा करतोय," त्यांनी निकाल दिला. अंकिता मान खाली घालून वह्या तपासत राहिली.

तिसऱ्यांदा त्यांनी डोकं लावलं. मागाच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा माळ्यावर पडला होता, त्याचा छातीबंद बनवला आणि कॅमेरा छातीवर घट्ट बसवला. माणसाचं अंग हिसके पचवतं, त्यामुळं चित्र एकदम शांत झालं. राहिला आवाज. त्यासाठी ते नव्या पेठेत बसवेशच्या दुकानात गेले. बसवेश कॅमेऱ्याचं सामान विकतो आणि म्हाताऱ्यांशी न कंटाळता बोलतो.

"आप्पा, वारा समोरून येतो," बसवेशनं कॉलरचा छोटा माईक दाखवला. "छातीवर लावला तर हा वाराच खाणार. वायर मागं न्या, पाठीवर लावा, मानेखाली. तुमच्याच अंगाचा आडोसा मिळतोय की. आणि वरून काहीतरी केसाळ घाला."

त्यानं माईकवर घालायचं फरचं टोपडं काढलं. आप्पांना तो अपमान वाटला. सोलापूरच्या माणसानं वारा अडवायला बाहेरचं कापड घ्यायचं? घरी जाऊन त्यांनी जाड लोंबत्या धाग्यांचा टॉवेल काढला, दोन बोटं तुकडा कापला आणि बजाबाईंपुढं टाकला. बजाबाईंनी सदऱ्याच्या पाठीवर त्याचा छोटा खिसा शिवला. टाका असा की सदऱ्यालाही कळू नये.

"ह्यात कुनाचं ऐकू येतं?" त्यांनी दोरा तोडता तोडता विचारलं.

"कॅमेऱ्याचं तोंड जिकडं, तिकडचं. म्होरचं," आप्पा म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वायर कॅमेऱ्याला जोडलीय म्हणजे माईक कॅमेऱ्याच्याच हुकमात असणार, एवढा साधा हिशेब. अंगात जॉबर असला की माणसाला विचारावं लागत नाही, लगेच कळतं.

मग आवाज कमीजास्त करायची पट्टी. बसवेशच्या दुकानात आप्पांनी रेकॉर्ड ऐकलं आणि नाक मुरडलं. "कमी हाय." त्यानं वाढवला. "अजून कमी हाय." अजून वाढवला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला, आणि आप्पा मात्र कानाला हात लावून, "मशीनमदी जीवच न्हाय रं तुज्या." शेवटी बसवेशनं पट्टी पार टोकाला नेली. "आप्पा, आता मुंगी शिंकली तरी ह्यात येईल," तो म्हणाला. आप्पांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी पसंतीची मान हलवली.

परीक्षेचा दिवस रविवारचा. आप्पा छातीबंद बांधून तयार झाले, इतक्यात बजाबाई लुगडं नीट करत दारात.

"मी बी येते. हिप्परग्याला रुक्मिणीच्या घरी जायाचं हाय."

"आज? अगं, परीक्षा हाय माजी."

"तुमची परीक्षा तुमी द्या. मी मागं बसते, मला काय करायचंय."

आप्पा चरफडले. चालवणाऱ्याची कसोटी आणि मागं ओझं. पण बजाबाई एकदा बसल्या की बसल्या. उदयसिंहही म्हणाला, जाऊ द्या, काय फरक पडतो. निघाले.

ती खेप आप्पांच्या आयुष्यातली सर्वांत देखणी खेप होती, निदान त्यांच्या हिशेबानं. कॅमेऱ्यासाठी ते मोठ्यानं बोलतही होते. "ही आली तुळजापूर वेस. हितं गर्दी लई, पर आपलं ध्यान चारी बाजूला." ऊसवाले ट्रॅक्टर, तुळजापूरच्या जीपा, एक मोठा टँकर, सगळ्यांना त्यांनी वेळेवर वाट दिली. कशी दिली ते विचाराल, तर अंगात असतं एकेकाच्या. "मागनं येनारी गाडी मला आदी कळती," ते कॅमेऱ्याला सांगत होते. "कान अजून तरन्या पोराचं हायत." हिप्परग्याला रुक्मिणी घरात नव्हती. बजाबाईंना त्याचं फारसं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. तळ्याकाठी दोघांनी चहा घेतला आणि परत आले.

दुपारी सगळे टीव्हीसमोर बसले. चित्र स्थिर, रस्ता लख्ख, वाऱ्याचा मागमूस नाही. आप्पांची छाती फुगली. मागून हॉर्न वाजल्याचं उदयसिंहाच्या मान डोलावण्यावरून त्यांना कळायचं, आणि पुढच्या क्षणी पडद्यावरची गाडी डावीकडं सरकलेली असायची. एकदा, दोनदा, तीनदा. आप्पा कौतुक गोळा करायला इकडं तिकडं बघायला लागले, तर काहीतरी वेगळंच दिसलं. अंकिता ओढणीचं टोक तोंडाला लावून बसली होती. ती हसत नव्हती. उदयसिंहाचं पडद्याकडं लक्षच नव्हतं, तो आईकडं बघत होता. आणि बजाबाई, भांडी घासायची राहिलीत म्हणत, उठून आत गेल्या. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.

उदयसिंहानं रिमोट खाली ठेवला. मग टेबलावरची किल्ली उचलून आप्पांच्या पुढं सरकवली.

"आप्पा, पास."

हेच तर हवं होतं. आप्पांनी किल्लीवर हात ठेवला आणि तिथंच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. हा पोरगा लहानपणी गोट्यांतसुद्धा हार मानायचा नाही. आज बिनबोभाट किल्ली देतोय, आणि तीही डोळ्याला डोळा न भिडवता.

"अंकिता, ते कानात घालायचं तुजं दे बरं."

"राहू द्या ना मामा. झालं की तुमच्या मनासारखं."

"दे म्हंतोय न्हवं."

अंकितानं हेडफोन आणले, आप्पांच्या कानांवर बसवले, आवाज पूर्ण वाढवला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

आधी हॉर्न आला. लांब, कर्कश, चांगला तगडा हॉर्न. आप्पा खुर्चीत दचकले. हा हॉर्न त्यांनी रस्त्यावर ऐकलेलाच नव्हता. त्यांनी आठवून बघितलं, पुन्हा आठवून बघितलं. नव्हताच ऐकला. त्याच्या मागोमाग थाप पडल्याचा आवाज, माईकच्या अगदी जवळ, थप्प. डाव्या खांद्यावरच असणार. आणि गाडी डावीकडं सरकली. मग दुसरा हॉर्न, पुन्हा थाप, पुन्हा गाडी बाजूला.

ही थाप आप्पांना ओळखीची होती. मागांच्या खडखडाटात हाका मारून उपयोग नसायचा, म्हणून कारखान्यात सगळा कारभार थापांवर चालायचा. डाव्या खांद्यावर थाप पडली की डावीकडच्या मागावर धागा तुटलाय, उजव्यावर पडली की उजवीकडच्या. विचार करायला वेळ नसायचा, हात लागला की अंग आपोआप वळायचं. अंगाची ती सवय अजून गेलेली नव्हती. त्यांना वाटायचं आपण चालवतोय. मागं बसलेली बाई त्यांना मागासारखं चालवत होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

थापांच्या मधून बजाबाईंचं बोलणं येत होतं, हळू, स्वतःशीच. बसवेशनं टोकाला नेलेली पट्टी एकेक शब्द उचलून आणत होती. "आला बाई टँकर... सरका, सरका... हां, आता बेस." आणि त्याच्यावर आप्पांचा स्वतःचा आवाज, दणदणीत. "कान अजून तरन्या पोराचं हायत." नेमकी त्याच वेळी थप्प. एवढा मोठा गाढव आपण आयुष्यात पाहिला नाही, असं आप्पांना वाटलं, आणि तो तर आपल्याच आवाजात बोलत होता. बरं, हा पुरावा गोळा कुणी केला? दुसऱ्या कुणी नाही. पट्टा शोधला, टॉवेल कापला, दुकानदाराशी भांडून आवाज वाढवून घेतला, आणि स्वतःचीच लबाडी मऊ टॉवेलात गुंडाळून पोराच्या हातात दिली.

परत येताना तुळजापूर वेशीत गाडी गर्दीत थांबली होती. इंजिनाचा आवाज खाली आला, आणि मागून बजाबाई पुटपुटल्या, "सिद्रामेश्वरा, येवढी खेप नीट जाऊ दे. गाडी काडून घेतली तर ह्ये झुरत्याल. लाजंनं सांगायचं बी न्हाईत कुनाला."

आप्पांनी हेडफोन काढले. व्हिडिओ चालूच होता, आता पुन्हा नुसतं चित्र. बजाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, हात पदराला पुसत. हात कोरडेच होते.

"कवापसनं करतीयास ह्ये?" आप्पांनी विचारलं.

बजाबाई काहीतरी बोलल्या. ओठ हलले, उदयसिंहानं खाली बघितलं, अंकितानं तोंड फिरवलं. आप्पांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. अशा वेळी एरवी ते मान डोलवायचे, नाहीतर "बरं बरं" म्हणून मोकळे व्हायचे. सगळं आयुष्य त्यावर निभलं होतं. समोर पोरगा बसलेला, सून बसलेली, किल्ली हाताखाली, आणि पास झाल्याचा निकाल लागलेला. आत्ताही मान डोलावली असती तर कुणी काही बोललं नसतं.  लाज वाटत होती, आणि बायकोविषयी जे वाटत होतं ते लाजेपेक्षा मोठं होतं.

"ऐकू न्हाय आलं," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाय, बजे. मोट्यानं बोल."

बजाबाई दोन पावलं पुढं आल्या. 

"कवापसनं त्ये ऱ्हाऊ द्या," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पर ह्ये आत्ता जे बोललासा ना, त्ये ऐकायसाठी मी लई वर्सं थांबलीया. मागं बसून बसून हात दुकाया लागला माजा."

कुणी हसलं नाही. मग बजाबाई स्वतःच हसल्या, तेव्हा अंकिता हसली आणि रडलीही. आप्पांनी किल्ली उचलली आणि उदयसिंहाच्या हातात दिली. त्यानं ती खिशात घातली नाही. मुठीत धरून तसाच बसला, जिंकलेल्या माणसाचं तोंड काही त्याला जमेना.

"त्या कानाच्या डॉक्टरकडं उद्याच जाऊ," आप्पा म्हणाले. "मशीन बसूपतोर ठेव तुज्याजवळ. आन् गल्लीत कुनाला कळू दिऊ नगंस एवढ्यात."

हे त्यांनी अगदी हळू, पोराच्या कानात सांगितल्यासारखं म्हटलं, असं त्यांना वाटलं. समोरच्या गॅलरीत दाक्षायणीबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी तिथूनच वाकून आवाज दिला, "बरं झालं आप्पा, देवानं बुद्धी दिली."

आप्पांनी बजाबाईंकडं बघितलं.

"काय म्हनल्या त्या?"

बजाबाईंनी सांगितलं, मोठ्यानं.